वेग टाकला, वजन ठेवलं

फुटलेला बँड पुन्हा एकत्र आला की लोकांचं मागणं साधं असतं: जुनंच वाजवा, रेकॉर्डिंग तेवढं जरा बरं करा. बँडलाही ते सोयीचं पडतं. वय झालेलं असतं, संसार मागे लागलेले असतात, आणि महोत्सवांचे आयोजक ज्या गाण्यांसाठी पैसे मोजतात ती सगळी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची असतात. ब्लॅक सॅबथने २०१३ मध्ये '१३' हा अल्बम केला, तेव्हा निर्माता रिक रूबिनने त्यांना त्यांचाच १९७० चा पहिला अल्बम पुन्हा ऐकायला बसवलं आणि तो सूर परत पकडायला सांगितलं. अल्बम वाईट झाला नाही. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे तो पहिल्या क्रमांकावर पोचला. पण साठीतली माणसं विशीतल्या स्वतःची नक्कल करताहेत, हे ऐकताना जाणवत राहतं. इतर बँडांच्या पुनरागमनांत तर इतकाही मान राखलेला नसतो. शिळ्या कढीला ऊत आणून ती नव्या भांड्यात वाढलेली असते.

हे पुस्तक ज्या अल्बमबद्दल आहे, त्याची गोष्ट वेगळी आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या सेल्टिक फ्रॉस्ट या बँडने २००६ मध्ये 'मोनोथिइस्ट' काढला, तेव्हा त्यांचा आधीचा स्टुडिओ अल्बम येऊन सोळा वर्षं झाली होती. या सोळा वर्षांत नॉर्वेपासून ब्राझीलपर्यंत मेटल वाजवणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्यांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकून तयार झाली होती. म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं होतं. १९८५ सारखा खरखरीत, धावता अल्बम दिला असता तर सगळे खूश झाले असते. बँडने दिला तो संथ, काळाकुट्ट, जवळजवळ अडुसष्ट मिनिटांचा अल्बम. त्यात जुन्या चाहत्यांना ओळखीची वाटावी अशी धाव क्वचितच आहे, आणि शेवटच्या भागात एकच रचना चौदा मिनिटांच्या पुढे जाते.

हा बदल बाहेरून काही आणून झालेला नाही, असं माझं मत आहे. या बँडच्या संगीतात दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी नांदत होत्या: वेग आणि वजन. 'मोनोथिइस्ट'मध्ये त्यांनी पहिली टाकली आणि दुसरी ठेवली. कलावंताने शैली बदलली की त्याने नवं काय आणलं हे आपण शोधू लागतो. इथे त्याने काय टाकलं, ते पाहिलं तर जास्त हाती लागतं.

मेटल फारसं न ऐकणाऱ्या वाचकासाठी चार शब्द आधीच सांगून ठेवतो. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली. मेटलमधलं गाणं बहुधा तिच्यावरच उभं असतं. थ्रॅश ही १९८० च्या दशकात फोफावलेली वेगवान शाखा. तुटक, कापत जाणाऱ्या रिफ आणि दुप्पट गतीचे ड्रम ही तिची खूण. डूम ही तिच्या विरुद्ध टोकाची शाखा. तिची मुळं ब्लॅक सॅबथच्या सुरुवातीच्या संथ, जड गाण्यांत आहेत. डेथ मेटल आणि ब्लॅक मेटल या त्याहून टोकाच्या शाखा नंतर आल्या, आणि दोन्हींच्या वंशावळीत सेल्टिक फ्रॉस्टचं नाव आजोबांच्या जागी लिहिलेलं असतं.

सुरुवात झाली हेलहॅमरपासून. १९८२ मध्ये झुरिकजवळच्या गावांतली काही पोरं एकत्र आली. वाजवायला धड येत नव्हतं, आणि सरावाला जागा मिळाली तीही जमिनीखालच्या एका बंकरात. अणुयुद्ध झालंच तर लोकांना लपता यावं म्हणून स्वित्झर्लंडने गावोगावी निवारे बांधून ठेवले होते. त्या काळाचं सावट या संगीतावर आहे. टॉम गॅब्रिएल फिशर, म्हणजे रंगमंचावरचा टॉम जी. वॉरियर, गिटार वाजवायचा आणि गायचा. पुढे बेस गिटार घेऊन मार्टिन एरिक आइन आला. ब्रिटनमधल्या व्हेनम या बँडचं त्यांना वेड होतं. त्या वेळच्या मेटल नियतकालिकांनी हेलहॅमरची यथेच्छ टवाळी केली, आणि तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर ती फार अन्यायाची नव्हती. पण त्या गोंगाटात एक रचना अशी होती की आज मागे वळून पाहताना तिच्यापाशी थांबावंच लागतं. 'ट्रायम्फ ऑफ डेथ' हे तिचं नाव. १९८४ च्या 'अपॉकॅलिप्टिक रेड्स' या रेकॉर्डवर ती नऊ मिनिटांहून लांब आहे. बहुतेक वेळ ती रांगत चालते आणि फिशरचा आवाज तिच्यात किंकाळीसारखा फाटत जातो. ज्या वर्षी जगभरचे तरुण बँड एकमेकांहून जोरात धावण्याची शर्यत लावत होते, त्या वर्षी ही पोरं वेग सोडून नऊ मिनिटं काढत होती. 'मोनोथिइस्ट'चं बीज तिथे आहे.

१९८४ मध्येच फिशर आणि आइन यांनी हेलहॅमर मोडून सेल्टिक फ्रॉस्ट उभा केला. जुन्या नावाला चिकटलेली टवाळी त्यांना नको होती, आणि आपल्याला काय करायचंय याची बऱ्यापैकी स्पष्ट कल्पना आली होती. बर्लिनमध्ये 'मॉर्बिड टेल्स' ध्वनिमुद्रित झालं तेव्हा फिशर एकवीस वर्षांचा आणि आइन सतरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी 'टू मेगा थेरियन' आला. त्याच्या मुखपृष्ठावर स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांचं चित्र होतं. हॉलिवूडच्या 'एलियन' चित्रपटातल्या प्राण्याची रचना करून ऑस्कर मिळवलेल्या या माणसाने एका अनोळखी, कंगाल बँडला आपलं चित्र वापरू दिलं. पुढे हा संबंध आयुष्यभराचा झाला आणि फिशरने गीगर यांचा साहाय्यक म्हणूनही काम केलं. या अल्बमची सुरुवातच फ्रेंच हॉर्नच्या गंभीर सुरावटीने होते. मध्ये 'डॉन ऑफ मेगिडो'सारखी रेंगाळत जाणारी रचना आहे, शेवटाकडे ऑपेराच्या धाटणीचा स्त्रीचा आवाज येतो. आजूबाजूला थ्रॅशचा धडाका आहेच. पण बँडचं लक्ष कुठे ओढलं जात होतं, हे या जागांवर कळतं.

१९८७ च्या 'इनटू द पँडेमोनियम'ने तर सगळी कुंपणं मोडली. अमेरिकेतल्या वॉल ऑफ व्हूडू या न्यू वेव्ह बँडच्या गाण्याने त्याची सुरुवात होते. आत बोदलेअरच्या फ्रेंच कवितेवर रचना आहे, तंतुवाद्यं आहेत, अंतराळमोहिमांतल्या आवाजांचे तुकडे यांत्रिक तालावर जोडलेला एक प्रयोग आहे, आणि मुखपृष्ठावर हिएरोनिमस बॉशच्या चित्रातला नरक आहे. त्यातल्या एका रचनेला त्यांनी 'रेक्विएम' अशी जोडओळ देऊन ठेवली होती. मृतांसाठी गायच्या प्रार्थनासंगीताचा हा पहिला भाग, उरलेले कधीतरी पुढे, असा तो वायदा होता. रेकॉर्ड कंपनी मात्र हबकली. तिला एक सरळसोट थ्रॅश अल्बम हवा होता. पैशांवरून आणि हक्कांवरून इतकी ओढाताण झाली की बँड त्यातच मोडला.

'मोनोथिइस्ट'मध्ये सेल्टिक फ्रॉस्टने शैली बदलली म्हणून आश्चर्य करणाऱ्याला इथेच विचारावं लागतं: या बँडला मुळात कोणती एक शैली होती? तीन वर्षांत तीन वेगळ्या तऱ्हेच्या रेकॉर्ड केलेल्या बँडकडून न बदलण्याची अपेक्षा करणं हेच चमत्कारिक. मग बदल झाला यात नवल नसेल, तर पाहायचं ते एवढंच की कुठला बदल अंगी लागला आणि कुठला अंगाशी आला.

अंगाशी आलेल्या बदलाचं नाव 'कोल्ड लेक'. हा अल्बम १९८८ चा. फिशर सोडला तर आधीच्या अल्बमवरचा गडी उरला नव्हता, आइनही बाहेर पडला होता. लॉस एंजेलिसच्या ग्लॅम मेटलचा तो भरभराटीचा काळ. फुगवलेले केस, चमकते कपडे, टीव्हीवर चोवीस तास गाणी. सेल्टिक फ्रॉस्टच्या नव्या छायाचित्रांत केस फुगलेले दिसले, गाण्यांत मुलींभोवती घोटाळणारी भाषा आली, रिफ सोप्या आणि गुळगुळीत झाल्या. जुने चाहते चिडले, आणि ज्या नव्या श्रोत्यांसाठी हा खटाटोप होता त्यांना हे लोक कोण हेच ठाऊक नव्हतं. फिशरने नंतर या अल्बमबद्दल स्वतःला कधीच माफ केलेलं नाही. त्या काळात आपण बँडची सूत्रं सोडून दिली होती, असं त्याने अनेकदा बोलून दाखवलं आहे. २०१७ मध्ये जुन्या अल्बमांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, त्यांत 'कोल्ड लेक' नव्हता. १९९० च्या 'व्हॅनिटी/नेमेसिस'ने थोडीफार सावरासावर केली, आइनही काही प्रमाणात परतला, पण एकदा गेलेला विश्वास परत आला नाही. १९९३ मध्ये दुकान बंद झालं.

'कोल्ड लेक'ला नुसतं नाक मुरडून सोडू नये, असं मला वाटतं. पुनरागमनाचा अल्बम समजून घ्यायचा तर तो ऐकायला हवा, निदान एकदा तरी. त्यात बँडने बाजारात चालतंय ते आणून स्वतःवर चढवलं. आधीच्या अल्बममधले बदल आतून आले होते. एखादी ओढ होती, तिच्या मागे ते गेले आणि वाटेत काही फसलं तरी ती ओढ ऐकू येत राहिली. 'कोल्ड लेक'मध्ये ओढ नाही, उसनं अवसान आहे. फिशर आणि आइन यांनी हा धडा पुरता पचवला होता, आणि पुढच्या अल्बमवर त्यांनी जे केलं त्यातलं निम्मं या धड्याला उत्तर म्हणून केलं, असं मानायला जागा आहे.

मधली वर्षं दोघांनी वेगवेगळी काढली. फिशरने अपॉलियन सन नावाचा बँड काढला. त्यात यंत्रांचे आवाज आणि इंडस्ट्रियल धाटणीचं संगीत होतं. २००० साली त्याने बँडच्या आठवणींचं एक पुस्तकही लिहिलं. आइन झुरिकमध्ये बार आणि क्लबच्या व्यवसायात शिरला आणि शहराच्या रात्रीच्या जगातला ओळखीचा माणूस झाला. दरम्यान बाहेर वारं फिरत होतं. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांनी सेल्टिक फ्रॉस्टला आपले पूर्वज ठरवलं. ब्राझीलच्या सेपल्चुराने त्यांचं एक जुनं गाणं वाजवलं. निर्वाना या बँडचा एकेकाळचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने २००४ मध्ये आपल्या लहानपणीच्या आवडत्या मेटल गायकांना घेऊन 'प्रोबॉट' केला, त्यात एक गाणं फिशरला दिलं. ज्या बँडला १९८४ मध्ये हसले, त्याचं नाव २००० नंतर आदराने घेतलं जाऊ लागलं. मोहाचा क्षण असा असतो.

दोघं २००१ मध्ये पुन्हा भेटले आणि त्यांनी ठरवलं की आधी अल्बम, मग मैफली. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पुनरागमन करणाऱ्या बँडचा पैसा मैफलींत असतो. जुनी गाणी वाजवून दोन उन्हाळे युरोपभर फिरलं की मग सवडीने अल्बम काढता येतो, तो चालला नाही तरी बिघडत नाही. यांनी उलट केलं. गिटारवर एरोल उनाला आला, तो अपॉलियन सनमधला फिशरचा जोडीदार. ड्रमवर फ्रँको सेसा. अल्बमचा खर्च कंपनीकडून आगाऊ रक्कम घेऊन न भागवता पदरमोड करून उचलला, कारण १९८७ ची ओढाताण त्यांच्या लक्षात होती: पैसा ज्याचा, शेवटचा शब्द त्याचा. स्वतःच्या लेबलला नाव दिलं प्राउलिंग डेथ. हेलहॅमरच्या काळात घरगुती कॅसेटींवर छापलेलं तेच नाव. तयार झालेला अल्बम मग सेंच्युरी मीडिया या कंपनीमार्फत जगभर गेला. पाच वर्षं लागली. या काळात अनेक वाटा चोखाळून पाहिल्या आणि सोडल्या. २००२ च्या 'प्रोटोटाइप' नावाच्या डेमोवर त्यांचा माग लागतो. शेवटी स्वीडनचा पीटर टेग्टग्रेन सहनिर्माता म्हणून आला. तो स्वतः हिपॉक्रिसी या बँडचा प्रमुख, टोकाच्या मेटलचं ध्वनिमुद्रण कोळून प्यायलेला.

आता खुद्द आवाजाकडे वळतो, कारण बदल झाला तो तिथे.

पहिली गोष्ट लयीची. 'मोनोथिइस्ट' 'प्रॉजेनी' या रचनेने उघडतो आणि ती अल्बममधल्या त्यातल्या त्यात गतिमान रचनांपैकी आहे. तरीही ती धावत नाही, दाबत पुढे सरकते. त्यानंतर लय उतरत जाते. ज्यांचा कान ख्यालावर पोसला आहे त्यांना हे सांगायला नको की विलंबित म्हणजे कमी केलेलं द्रुत नव्हे. मात्रांमधलं अंतर वाढलं की प्रत्येक स्वराला स्वतःचा भार पेलावा लागतो, लपायला जागा राहत नाही. 'अ डाइंग गॉड कमिंग इंटू ह्यूमन फ्लेश'मध्ये याचा पुरेपूर प्रत्यय येतो. गाणं जवळजवळ कुजबुजत सुरू होतं, बराच वेळ काही घडत नाही, आणि मग गिटारी एकदम कोसळतात. जुन्या सेल्टिक फ्रॉस्टने हा धक्का अर्ध्या मिनिटात दिला असता. इथे तो ताटकळत ठेवला आहे, म्हणून तो लागतो.

दुसरी गोष्ट गिटारीच्या पोताची. तारा पूर्वीपेक्षा खूप खाली उतरवल्या आहेत. १९८५ चा आवाज करवतीसारखा होता: कडा धारदार, मध्ये पोकळ. २००६ चा आवाज भरीव आहे. बेस आणि गिटार एकमेकांत इतके मिसळलेले की कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नाही. याचं श्रेय काही अंशी नव्या तंत्राला आणि टेग्टग्रेनला जातं. पण रिफ पाहा. त्या पूर्वीइतक्याच साध्या आहेत, किंबहुना जास्त. दोन-तीन स्वर, हट्टाने पुन्हा पुन्हा. फिशर कधीच बोटांच्या चपळाईचा वादक नव्हता. तरुणपणी हे त्याचं उणेपण समजलं जायचं. इथे त्याने त्याच्यावरच अल्बम उभारला आहे. दाखवण्यासारखी करामत जवळ नसेल तर प्रत्येक स्वर कशासाठी वाजवतो आहोत याचा विचार करावा लागतो, आणि तो विचार या रिफांत ऐकू येतो.

तिसरी गोष्ट कंठाची. पूर्वीचा फिशर भुंकायचा, हुंकार टाकायचा. त्याचा तो एकाक्षरी हुंकार पुढे असंख्य गायकांनी उचलला. 'मोनोथिइस्ट'वर तो भुंकतो, पण त्यापेक्षा जास्त वेळ बोलतो, खोल आवाजात ओळी संथपणे ठेवत जातो, आणि काही ठिकाणी चक्क गातो. 'ड्राउन इन ॲशेस' आणि 'ऑब्स्क्यूअर्ड' या रचनांत त्याच्या जोडीला स्त्रियांचे आवाज आहेत. मेटलमध्ये सुंदरी आणि राक्षस अशी एक ठरीव जोडी तोवर रूढ झाली होती, बाईने गोड गायचं आणि बुवाने गुरगुरायचं. इथे तसं होत नाही. दोन्ही आवाज सारखेच थकलेले आहेत. आणि मेटलमध्ये हा मेळ कोणी आधी आणला असं विचारलं तर बोट पुन्हा १९८५-८७ च्या सेल्टिक फ्रॉस्टकडेच जातं. म्हणजे या बाबतीत बँडने दुसऱ्या कुणाची नव्हे, स्वतःचीच उसनवारी वसूल केली.

चौथी गोष्ट शब्दांची. तरुणपणी फिशर आणि आइन यांची गाणी प्राचीन साम्राज्यं, राक्षस, शाप यांनी भरलेली होती. पुस्तकं आणि चित्रपट यांतून उचललेला तो भीतीचा मालमसाला होता. आता देव हा विषय थेट आला. अल्बमचं नाव एकेश्वरवादी, आणि आत पानोपानी त्या एका देवाशी झटापट. आइन कॅथलिक संस्कारांत वाढलेला. त्याच्यासाठी हे भांडण घरातलं होतं. ॲलिस्टर क्रोलीसारख्या गूढवाद्याची शब्दकळा इथे जशी आहे तशीच 'टू मेगा थेरियन'च्या नावातही होती. फरक असा की तेव्हा ती अंगावर चढवलेली होती, आता तिच्या आत माणूस आहे. देव नाकारणाऱ्या माणसाला त्याची उणीव किती जाणवते, हे या शब्दांतून दिसतं. ब्लॅक मेटलच्या पोरकट सैतानभक्तीशी याची गल्लत करू नये.

पाचवी गोष्ट रचनेची. अल्बमचा शेवट एका त्रिपुटीने होतो. 'टोटेनगॉट'मध्ये आइनचा आवाज किंचाळतो, फुटतो, संगीत म्हणावं असं जवळजवळ काही उरत नाही; हेलहॅमरच्या बंकरातला नऊ मिनिटांचा तो जुना प्रकार आठवावा. मग 'सिनागोगा सॅटाने', चौदा मिनिटांहून लांब, संपूर्ण अल्बमचं वजन एका जागी आणणारी रचना. आणि शेवटी 'विंटर', केवळ तंतुवाद्यांचं, एकाही गिटारीविना. या 'विंटर'ला त्यांनी 'रेक्विएम'चा तिसरा, समारोपाचा भाग म्हटलं. १९८७ मध्ये दिलेल्या वायद्याची आठवण एकोणीस वर्षांनी ठेवली, आणि दुसरा भाग मोकळाच सोडून तिसरा आधी केला. जुनं नातं सांगायला त्यांनी जुनी गाणी पुन्हा वाजवली नाहीत. अर्धवट राहिलेलं एक काम हाती घेतलं.

या अल्बमविरुद्ध बोललं जातं त्यातलं काही खरं आहे. तो लांबलेला आहे. मधल्या तीन-चार रचना एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की पहिल्या ऐकण्यात वेगळ्या निघत नाहीत. सेसाचे ड्रम नेमके आणि जबर आहेत, पण १९८५ च्या ड्रमर रीड सेंट मार्कच्या वाजवण्यात जो खट्याळपणा होता तो इथे नाही. मोठं दुखणं म्हणजे विनोद हरवला. 'इनटू द पँडेमोनियम'मध्ये बँड मधूनच मिश्कील होत असे, श्रोत्याला चकवत असे. 'मोनोथिइस्ट' एकदाही हसत नाही. वेग टाकताना त्याच्यासोबत काही चांगलंही गेलं, हे मान्य करावं लागेल. टाकण्याने शैली घडते असं म्हणायचं तर टाकलेल्याची किंमतही सांगायला हवी.

आणि किंमत संगीतापुरती राहिली नाही. अल्बम गाजला, बँड युरोप, अमेरिका आणि जपानभर फिरला. पण आतली नाती ताणत गेली. एप्रिल २००८ मध्ये फिशरने आपण बँड सोडत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी सेल्टिक फ्रॉस्ट कायमचा संपला. पुनरागमनाचा हा एकच अल्बम. फिशरने लगेच नवा बँड काढला, त्याचं नाव ट्रिप्टिकॉन, म्हणजे 'मोनोथिइस्ट'च्या शेवटच्या त्या त्रिपुटीचंच. २०१० च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर पुन्हा गीगर यांचं चित्र होतं. तो ऐकला की 'मोनोथिइस्ट' हा शेवट नसून वाटेतला मुक्काम होता हे उघड होतं. तीच लय, तोच पोत, आणखी पुढे नेलेला. गीगर २०१४ मध्ये गेले. आइन ऑक्टोबर २०१७ मध्ये हृदयविकाराने गेला, वय अवघं पन्नास. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग इथे रोडबर्न महोत्सवात फिशरने 'रेक्विएम'चा राहिलेला मधला भाग लिहून मेट्रोपोल ऑर्केस्ट्राच्या साथीने तिन्ही भाग सलग सादर केले. सुरुवातीपासून मोजलं तर बत्तीस वर्षांत पुरं झालेलं काम. त्यातला पहिला तुकडा चोविशीतल्या माणसाचा आहे, शेवटचा चाळिशीतल्या आणि मधला पन्नाशी ओलांडलेल्याचा. आणि तिन्हींत धागा एकच सापडतो, तो वजनाचा.

पुढच्या पानांत 'मोनोथिइस्ट'मधल्या अकरा रचनांवर एकेक टिपण आहे. टिपणं क्रमाने वाचावीत, पण त्याआधी थोडी पूर्वतयारी करावी अशी माझी शिफारस आहे. आधी 'ट्रायम्फ ऑफ डेथ' ऐकावं, कितीही ओबडधोबड वाटलं तरी शेवटपर्यंत. मग 'टू मेगा थेरियन'मधलं 'डॉन ऑफ मेगिडो'. मग 'कोल्ड लेक'मधलं कुठलंही एक गाणं, तोंडाची चव बिघडली तरी. आणि त्यानंतर 'प्रॉजेनी'पासून सुरुवात करून 'विंटर'पर्यंत न थांबता. दिवे घालवायची किंवा मूड जमवायची गरज नाही. आवाज मात्र पुरेसा मोठा हवा, कारण या संगीताचा अर्धा अर्थ छातीला जाणवणाऱ्या कंपनांत आहे आणि मोबाईलच्या स्पीकरवर तो पोचत नाही.

ज्यांना मेटल आवडत नाही त्यांनी हे पुस्तक का वाचावं, असा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर मेटलबाहेरचं आहे. मध्यमवयात आपल्या कामाकडे परतणाऱ्या कुणाही माणसापुढे, मग तो लेखक असो, नट असो की चित्रकार, हाच पेच असतो: लोकांना आवडलेला आपला जुना अवतार पुन्हा घ्यायचा, की आज चालतंय ते पांघरायचं? सेल्टिक फ्रॉस्टने दुसरी वाट १९८८ मध्ये चालून पाहिली होती आणि पहिली २००६ मध्ये त्यांच्यासाठी सताड उघडी होती. त्यांनी आपलंच जुनं काम काढून बसून पाहिलं, त्यातलं कुठलं खरंच आपलं होतं आणि कुठलं त्या वयाचं, त्या काळाचं होतं हे निवडलं, आणि निवडलेलं तेवढं घेऊन बाकीचं सोडलं. अशा निवडीला पाच वर्षं लागली, पदरचा पैसा लागला, आणि शेवटी बँडही गेला. तरी मला विचाराल तर सौदा स्वस्तातच पडला.